रांगेतला सतरावा

चूक माझी होती. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला बोट दाखवायचे कष्ट नकोत. नगरपालिकेनं युद्धस्मारक बांधलं, त्याच्या उद्घाटनाला स्मरणिका काढायचं ठरलं आणि ती लिहायला कोण, तर मी. छापखान्यात मुद्रितं तपासतो, ऱ्हस्वदीर्घावरून गिऱ्हाइकांशी भांडतो, म्हणजे हा लेखकच असणार, असा अध्यक्षांचा समज. थोडा माझाही होता.

छत्रीकाकांवर दोन पानं द्यायची होती. लढाईत विमानातून छत्री घेऊन उडी मारलेला गावातला हा एकटाच माणूस, आणि त्यांची गोष्ट पोराटोरांना तोंडपाठ. तीच पुन्हा छापण्यात माझी काय शोभा? म्हणून मी त्यांच्या दुकानात चार संध्याकाळ ठाण मांडलं. "काका, काहीतरी नवीन द्या ना." चौथ्या संध्याकाळी ते कंटाळले आणि म्हणाले की विमानात अठरा जण होते, ते स्वतः रांगेत सतरावे, आणि त्यांच्या पुढं सोळावा जिराफ. जिराफ म्हणजे त्यांचा मित्र. ताडमाड उंच, म्हणून पलटणीनं ते नाव ठेवलेलं. तो त्याच दिवशी गेला. एवढं बोलून त्यांनी दाभण मेणाच्या गोळ्यात खुपसला आणि म्हणाले, "पण ते आकडे नको घालूस हां. लोकांना आकडे आवडत नाहीत."

मला वाटलं, विनय. मी फोटोखाली ठसठशीत टाइपात टाकलं: "रांगेतला सतरावा वीर. पुढे सोळावा, त्याचा जिवलग मित्र, जो परतला नाही." ओळ मला इतकी आवडली की मुद्रितात तिला हातही लावला नाही. वर उत्साह असा की त्या तुकडीतल्या मेलेल्या प्रत्येक जवानाच्या घरी एकेक प्रत पोस्टानं पाठवायची, ही कल्पनाही माझीच. पत्ते मी शोधले, वेष्टणं मी चिकटवली.

माझं कर्तृत्व इथं संपलं. पुढचं सगळं छत्रीकाकांना भोगावं लागलं. त्यांनीच ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं सांगितलं, आणि काकूंनी मध्येमध्ये दुरुस्त्या केल्या.

छत्रीकाका अंगानं बुटके, बोटांनी जाड. लढाईहून आल्यावर त्यांनी ट्रकांवर घालायच्या ताडपत्र्या शिवायचं दुकान काढलं. दुकान कसलं, एक लांबलचक खोली. फरशीवर ताडपत्री पसरायची, खडूनं रेघ मारायची, गुडघ्यांवर सरकत कापायची. कोपऱ्यात जाड कापड शिवायचं मशीन, त्याच्या शेजारी पितळी रिंगा ठोकायची ऐरण. खोलीला डांबर आणि मेण यांचा मिळून एक वास, तो काकांच्या अंगालाही होता. काकू म्हणायच्या, "हे अंधारात हरवायचे नाहीत. नाकानं सापडतात."

आता धंदा मुलगा बघायचा. मुलगा बोलका. बापाची लढाई त्यानं दुकानाच्या पाटीवर आणली होती: छत्री हुबेहूब काढलेली, खाली लोंबणारा माणूस मात्र काकांपेक्षा दीड फूट उंच. ट्रकवाला भावात घासाघीस करायला लागला की मुलगा आतल्या बाजूला हाक मारायचा, "बाबा, जरा गिरणीची गोष्ट सांगा यांना." काका गुडघ्यांवरून उठायचे आणि सांगायचे.

गोष्ट अशी. पुलाजवळच्या पिठाच्या गिरणीत काका पत्रा फोडून वरून पडले ते थेट पिठाच्या ढिगात. उठले ते पायापासून केसांपर्यंत पांढरे. दोन पहारेकऱ्यांनी हे पाहिलं आणि बंदुका टाकून जे पळाले ते मागं वळून बघेनात. पूल आपला झाला. ट्रकवाला पोट धरून हसायचा आणि सांगितलेला भाव द्यायचा.

गोष्ट शंभर टक्के खरी होती. तीच तर अडचण. फक्त काका गिरणीत आकाशातून पडले नव्हते, छपरावर चढून पडले होते, आणि गोष्ट जिथून सुरू व्हायची त्याच्या आधीचा अर्धा तास ते कधी सांगत नसत. कुणी विचारतही नसे. हसून झाल्यावर माणूस मागचं कशाला विचारील?

स्मरणिका पोस्टात पडून नऊ दिवस झाले होते. सकाळी दुकानात एक बाई आल्या. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. मुलगा लगबगीनं उठला. "या या! पंखा, बाईंना पंखा लावा. कव्हर पाहिजे का तंबू?"

"सतरावे कोण?" बाईंनी विचारलं.

काका फरशीवर गुडघे टेकून बसले होते. हातातला खडू तसाच राहिला.

"मी सोळाव्याची बहीण," बाई म्हणाल्या. "टेलिफोन खात्यात होते, ऑपरेटर. तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. आज माझं एक जोडायचंय. बोला."

मुलाला हे फार आवडलं. त्यानं खुर्ची पुसली, आत जाऊन काकूंना चहा टाकायला सांगितलं, "बाबांच्या मित्राच्या भगिनी आल्यात" असं शेजारच्या दुकानदारालाही ओरडून सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून तीन कागद काढले. एक माझी स्मरणिका. दुसरं एक जुनं पत्र, घड्यांवर फाटलेलं. तिसरा टाइप केलेला सरकारी कागद.

पत्र त्यांनी वाचून दाखवलं. भावानं उडीच्या दोन दिवस आधी घरी लिहिलेलं. "'माझा नंबर सोळा. मागं एक बुटका आहे. गाठी मारण्यात पक्का उस्ताद. माझी पाठ त्याच्याकडं आहे, तेव्हा आईला सांग, काळजीचं कारण नाही.'" मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "पाठ तुमच्याकडं, म्हणजे काय हो? त्यानं तेव्हा समजावून लिहिलं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकू दे."

काकांनी सांगितलं. उडीच्या आधी सगळे रांगेत उभे राहतात. प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिशवीत छत्रीची घडी. पिशवीतून एक दोर निघतो, तो वरच्या तारेला हुकानं अडकवलेला. माणूस दारातून पडला की दोर ताणला जातो आणि छत्री ओढून काढतो. तो दोर खांद्यावरून मोकळा पाहिजे. कुठं पट्ट्याखाली गेला, काखेत गेला, तर छत्री अर्धवट निघते आणि पिळली जाते. स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही. म्हणून मागच्यानं पुढच्याची पाठ बघायची, थाप मारायची आणि ओरडायचं, "ठीक!"

"तपासणी झाली होती," काकांनी शेवटी जोडलं.

"हे वाक्य मला पाठ आहे." बाईंनी सरकारी कागद वर धरला. "चौकशीतला उतारा. 'क्रमांक सतरा यांच्या जबानीप्रमाणे तपासणी पूर्ण झाली होती, दोष घडीचा असावा.' नाव नाही, गाव नाही. नुसतं क्रमांक सतरा. बेचाळीस वर्षं हा सतरा कोण ते मला ठाऊक नव्हतं. परवा पोस्टमननं तुमचा फोटो आणून दिला."

चहा आला. कुणी घेतला नाही. काकू दाराशी ट्रे धरून उभ्या राहिल्या.

बाईंनी फरशीवरचा दोराचा एक तुकडा उचलला, स्वतःच्या खांद्यावरून मागं टाकला आणि काकांकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"तपासा."

"ताई, हे कशाला..."

"मी सोळावी. तपासा."

काका उठले. त्यांचे हात आपोआप चालू लागले. मानेपाशी बोट घातलं, दोर मोकळा केला, खांद्यावर कुठं मुडपलाय का पाहिलं, खालपर्यंत हात फिरवून शेवट बघितला. आठ-दहा सेकंद लागले. मग बाईंच्या पाठीवर त्यांनी हलकी थाप मारली. "ठीक," ते पुटपुटले.

"छान," बाई वळल्या नाहीत. "आता त्या दिवशी केलंत तसं करा."

मुलगा मध्ये पडला. "अहो बाई, बाबांचं वय बघा. ही काय थट्टा..."

"तू गप्प बस," काका मुलाला म्हणाले. मुलाला दुकानात बापानं असं पहिल्यांदाच गप्प केलं.

काका बाईंच्या मागं तसेच उभे होते. दोराला हात लागला नाही. नुसती एक थाप मारली. "ठीक."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी बुटकी आहे," बाई वळून म्हणाल्या. "माझ्या खांद्यावरचं तुम्हाला दिसतं. तोही बुटका असता तर बरं झालं असतं, नाही? आई त्याला सारखी दूध पाजायची. उंच व्हावा म्हणून."

मग काका बोलले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही उभ्यानं. विमान गचके खात होतं. पायाला सामानाचं गाठोडं बांधलेलं, टाचा उचलता येईनात. जिराफचा खांदा वर, दोर त्याच्याही वर. त्यांनी हात वर नेला, तो पोचला नाही. विमान डावीकडं कललं. जिराफला जरा वाक म्हणायचं, एवढं सोपं होतं. पण जिराफच्या पुढचे ओरडायला लागले होते, रांग हलायला लागली होती, आणि 'वाक' म्हटलं तर सगळे बुटक्याला हसले असते. ते आधीच हसत असत. त्यांनी थाप मारली.

"हसले असते," बाईंनी शब्द परत उच्चारला, जणू टेलिफोनवर नंबर पडताळून घेत होत्या.

"हो."

"पुढं बोला."

काकांनी त्याच्या पाठोपाठ उडी मारली. त्यांची छत्री उघडली. खाली पंधरा छत्र्या तरंगत होत्या आणि त्यांच्यामधून एक माणूस तरंगत नव्हता. पिळलेल्या फडक्यासारखं काहीतरी त्याच्या डोक्यावर फडफडत होतं. काका नांगरलेल्या शेतात उतरले ते त्याच्यापासून चाळीस पावलांवर.

"म्हणजे तुम्ही त्याला पाहिलंत," बाई म्हणाल्या. "मेल्यावर."

काकांनी मान खाली घातली. "तो लगेच गेला नाही, ताई."

हे बाईंना माहीत नव्हतं. सरकारी कागदात 'तत्काळ' असा शब्द होता. त्यांनी खुर्चीचा हात धरला, पण बसल्या नाहीत.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं असतील. पंचवीस."

"बोलला?"

"बोलला. मला विचारलं, 'तू बघितलं होतंस ना रे?'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, हो. घडीच चुकली असणार." काकांनी हातातल्या खडूचा चुरा केला होता, तो ते पँटीला पुसत राहिले. "त्याला बरं वाटावं म्हणून नाही. मला बरं वाटावं म्हणून. त्यानं घडी घालणाऱ्याला एक शिवी दिली. मग गेला. दोन महिन्यांनी साहेबांनी विचारलं तेव्हा तेच पुन्हा सांगितलं. त्याला एक सांगायचं आणि साहेबाला दुसरं, असं कसं करणार?"

"वा!" बाई म्हणाल्या. "शब्दाला जागलात."

काकूंनी दाराशीच ट्रे खाली ठेवला. त्या बाईंना नाही, काकांनाही नाही, चहाच्या कपांना उद्देशून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून झोपेत माझ्या पाठीवर थाप बसते. एकच. मी आपली समजत होते, माया आहे."

बाई आल्या होत्या ते मात्र हे ऐकायला नव्हे. त्यांना काय पाहिजे ते त्यांनी आता सांगितलं. चौकशीनंतर छत्रीची घडी घालणाऱ्या माणसावर ठपका आला. प्रत्येक पिशवीत एक कार्ड असतं, त्यावर घडी घालणाऱ्याची सही असते. सही होती, मग दुसरा पुरावा कशाला? निष्काळजीपणाचा शेरा मारून त्याला पलटणीतून काढलं. पेन्शन नाही. पुढं तो एका दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायला लागला. बाईंनी त्याचा पत्ता शोधून काढला होता. दर वर्षी त्या तारखेला रजा काढून त्या धुलाईघराच्या फाटकाशी जायच्या आणि तो सुटून बाहेर आला की त्याला शिव्या द्यायच्या. सगळ्यांसमोर, त्याच्या बायकोमुलांसमोर. अकरा वर्षं, एकदाही तारीख चुकली नाही.

"एकदा थुंकले," बाई म्हणाल्या. "त्यानं रुमालानं पुसलं, रुमालाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवला. मला तेव्हा वाटलं, केवढा निगरगट्ट! आता तो अंथरुणाला खिळलाय, अर्धं अंग गेलंय. फार दिवस काढेल असं दिसत नाही. मला कागद पाहिजे. तुमच्या हातचा, सहीचा. चार ओळी. तो मी त्याला नेऊन देणार."

"देतो," काका म्हणाले.

"काही द्यायचं नाही!" मुलगा उसळला. मग त्यानं आवाज खाली आणला, कारण शेजारचा दुकानदार पायरीवर येऊन उभा होता. "बाबा, पंधरा दिवसांवर उद्घाटन आलंय. तुमच्या हातनं फीत कापायची आहे. पालिकेच्या कचऱ्याच्या चाळीस गाड्यांची कव्हरं आपल्याला मिळतायत, ती काय माझ्या तोंडाकडं बघून? काय बोलायचं ते जाऊन बोला, त्याचे पाय धरा. पण लेखी नाही. तोंडी."

काकांनी मुलाकडं पाहिलं, मग बाईंकडं. विमानातून उडी मारलेला माणूस, पण मुलगा समोर आला की त्यांचा पाय दारातून उचलत नसे.

"तोंडी सांगतो ताई. समक्ष येऊन. आजच."

"त्याला काढला कागदानं," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही उभा करणार तोंडानं. बरं. चला."

बसनं दोन तास लागले. दोघं एकाच बाकावर बसले होते, पण अख्ख्या प्रवासात बाई एकदाच बोलल्या. काकांनी त्यांना खिडकी देऊ केली तेव्हा म्हणाल्या, "नको. तुमच्याकडं पाठ होते."

घडीवाला दुसऱ्या मजल्यावर राहत होता. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत खाट. भिंतीवर काही नाही. कपाटात टॉवेल, उशांचे अभ्रे आणि जुन्या चादरी यांच्या थप्प्या, कडा अशा जुळलेल्या की पट्टी लावून बघावी. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि बहिणीला बघून ती मागंच सरकली.

"आत्ता कशा काय?" ती म्हणाली. "तारीख तर अजून लांब आहे."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

घडीवाला उशीला टेकून बसवलेला होता. दृष्टी मंद, डावा हात निकामी. उजव्या हातानं तो छातीवरच्या टॉवेलची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. "कोण आहे?"

"क्रमांक सतरा," काका म्हणाले.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "सतरा! म्हणजे गिरणीवाला? पिठाचं भूत? अरे, ये ये, इथं बस. बघ गं, हाच तो, दोन पहारेकरी पळवले यानं. पलटणीच्या पत्रकात आलं होतं. मला हाकलायच्या आधीच्या आठवड्यात." त्यानं चाचपडत काकांचा हात धरला. "तुझी छत्रीही माझीच घडी होती, ठाऊक आहे? त्या दिवशी मी अकरा घातल्या. दहा उघडल्या. तुझी उघडली. तू उतरलास, गिरणीत शिरलास, पूल घेतलास. ते कुणाच्या घडीवर? मी पोरांना सांगायचो. माझी एवढीच काय ती लढाई."

काकांनी हात सोडवला नाही. त्याच हातात हात ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. दोर, खांदा, पोचला नाही, थाप. जिराफनं विचारलेलं. साहेबानं विचारलेलं. "अकराच्या अकरा घड्या बरोबर होत्या," ते म्हणाले. "तुझी चूक नव्हती. माझी होती."

घडीवाला शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग हसला. चेष्टेनं नाही, लहान मुलाला समजावतात तसं.

"कागद आणलायस?"

"कागद नाही आणला."

"बघ. असली गोष्ट कुणी तोंडी सांगतं का?" त्यानं बहिणीच्या दिशेनं मान वळवली. "बाईंनी आणलंय तुला. त्यांना वाटतं, मरायला टेकलेल्या माणसाला उगाच छळलं. बाई, तुमचं काही चुकलं नाही. भाऊ गेला होता तुमचा."

"अहो, खरं सांगतायत ते," बाई म्हणाल्या. "मी तपासून घेतलंय."

"त्या दिवशी माझ्या पोरीला ताप होता," घडीवाला म्हणाला. "आठाच्या जागी अकरा घालायच्या होत्या. दहा घड्या मला लख्ख आठवतात. दोर कसा फिरवला, बंद कुठं ओवला, सगळं. एक आठवत नाही. बेचाळीस वर्षं ती एक शोधतोय. आता सापडत आली आहे असं वाटतं, आणि तुम्ही सांगताय ती चुकलीच नव्हती?"

"चुकली नव्हती रे!" काकांचा आवाज फाटला. "आईची शपथ."

"तुझा जीव मोठा आहे. पण असं बघ," घडीवाल्यानं टॉवेलची कड जुळवली. "बंदुका घेतलेल्या दोघांना तू अंगावर पीठ घेऊन पळवून लावलंस. तो तू एका टेबलामागच्या साहेबाला घाबरून खोटं बोलशील? आणि त्यापायी एक माणूस आयुष्यातून उठू देशील? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मानलं असतं मी. तुझ्याबद्दल नाही मानणार."

काकांनी आणखी तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी घडीवाल्यानं त्यांचा हात थोपटला. शेवटी तो थकला आणि डोळे मिटून म्हणाला, "आलास, बरं वाटलं. माझी एक छत्री चालत माझ्या दारात आली."

निघताना घडीवाल्याच्या बायकोनं काकांना जिन्यात गाठलं. तिला या सगळ्यातलं किती कळलं होतं कोण जाणे, पण काकांच्या बोलण्यात ओघानं आलेला 'ताडपत्री' हा शब्द तिनं बरोबर टिपला होता. "भाऊ, एक विचारू? यांना रात्रीचं आवरत नाही. गादी कुजली पार. तुमच्याकडं पाणी न झिरपणारं कापड असेल ना? गादीखाली घालायला एवढी चादर." तिनं कमरेला खोचलेली सुतळी काढून दिली, दोन गाठी मारलेली, एक लांबीची आणि एक रुंदीची.

"आठवड्यात पोचती करतो वहिनी," काका म्हणाले.

बस थांब्यावर बाईंनी पिशवीतून स्मरणिका काढली. मागचं पान मी वाचकांच्या अभिप्रायासाठी कोरं सोडलं होतं. "आता लिहा," त्या म्हणाल्या. "मुलाला विचारायचं असेल तर विचारून या. मी थांबते."

काकांनी मुलाला विचारलं नाही. मांडीवर ठेवून आठ ओळी लिहिल्या, खाली सही, सहीखाली क्रमांक. बाईंनी ते पान फाडलं, दोनदा वाचलं आणि पाकिटात घातलं. आपल्या बसमध्ये चढताना त्यांनी काकांचा निरोप घेतला नाही. तो जिना पुन्हा चढायची त्यांची तयारी नव्हती; पाकीट त्यांनी त्याच संध्याकाळी पोस्टात टाकलं असावं, कारण उत्तर सहाव्या दिवशी आलं.

उद्घाटनापर्यंत बाहेर काहीच फुटलं नाही. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना ज्याला सांगायचं होतं त्यानं ऐकलं नव्हतं, बाकीच्यांशी त्यांचं काय काम? उद्घाटनाला काकांनी फीत कापली. त्यांनी माइकसमोर उभं राहून घसा साफ केला, म्हणाले, "गिरणीच्या आधीचं थोडं सांगायचं आहे," आणि पुढच्या रांगेतली पोरं एका सुरात ओरडली, "गिरणी! गिरणी!" अध्यक्षांनी हसत माइक घेतला आणि ती स्वतःच सांगितली. पीठ त्यांनी गुडघ्यापासून गळ्यापर्यंत वाढवलं. काका खुर्चीत बसले. चाळीस गाड्यांची कव्हरं मुलाला मिळाली. घरी काकूंनी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं होतं. का, ते मुलानं विचारलं नाही, आणि सुनेला सांगण्यासारखं नव्हतं.

सहाव्या दिवशी आलेलं घडीवाल्याच्या बायकोचं ते कार्ड मी वाचलंय. काकांनीच दाखवलं.

"भाऊ, तुमचं पत्र मिळालं. मी यांना सावकाश वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाईंनी समोर बसून लिहून घेतलं असणार, अक्षर बघ, हात कापलाय. पत्र उशीखाली ठेवून घेतलं आहे. हल्ली टॉवेल फार वेळा मागतात, झोपतच नाहीत. चादरीचं तेवढं बघा. सध्या वर्तमानपत्रं घालते आहे, पण शाई पाठीला लागते."

या कार्डाला आता सात आठवडे होतील. चादर काकांनी त्याच दिवशी सुतळीच्या मापानं कापली. चांगलं, मऊ, दोन्ही बाजूंनी रबर दिलेलं कापड आहे. तीन बाजू शिवून झाल्या. मग त्यांना वाटलं, दुसऱ्या बाजूला एक टाका सैल आहे. उसवली. पुन्हा शिवली, भिंगातून पाहिली, कोपऱ्यात पाणी ओतून रात्रभर ठेवलं, पुन्हा उसवली. मुलगा म्हणतो, "बाबा, गादीखाली घालायचीय, त्यावरून कुणी विमानातून उडी मारणार नाहीये." मी म्हटलं, "काका, द्या, मी पोस्टात टाकून येतो, पोस्टाची मला सवय आहे." त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि चादर माझ्यापासून लांब सरकवली.

आज दुपारी गेलो तेव्हा चादर मशीनवर होती, चौथी बाजू उघडी. काका म्हणाले, उद्या होईल.